येशूचं यहुदी घर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या कॅम्पात लाल विटांची एक उंच इमारत आहे. टोकदार मनोरा, मनोऱ्यावर घड्याळ. नवखा माणूस तिला हमखास चर्च समजतो, पुणेकर मात्र लाल देऊळ म्हणतात. ते आहे ओहेल डेव्हिड, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ, सिनगॉग. डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलं आणि १८६७ मध्ये ते पुरं झालं. मी आमच्या मंडळीत रविवारच्या शाळेला शिकवतो. एकदा मुलांना ती इमारत बाहेरून दाखवायला नेलं, तेव्हा एका मुलीने विचारलं, “म्हणजे येशू आपल्या चर्चमध्ये गेला नसता, इथे गेला असता?” हो, इथेच गेला असता. त्या दिवसापासून मुलांनी, त्यांच्या आईवडलांनी आणि इतर धर्मांच्या मित्रांनी जे जे विचारलं, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

येशू यहुदी होता म्हणजे नेमकं काय? फक्त जन्माने?

जन्माने आणि जगण्यानेही. आठव्या दिवशी त्याची सुंता झाली. त्याचं नाव येशुआ, आईचं मिर्याम. ‘येशू’ आणि ‘मरिया’ ही रूपं ग्रीक वळणाने आपल्यापर्यंत पोचली. बारा वर्षांचा असताना तो आईवडलांबरोबर वल्हांडणाच्या सणाला यरुशलेमेला गेला. मोठेपणी शब्बाथाच्या, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, आपल्या परिपाठाप्रमाणे, नासरेथच्या सभास्थानात गेला. लूकने तो प्रसंग हातांच्या हालचालींसकट टिपला आहे: वाचायला उभा राहिला, यशयाची गुंडाळी हातात दिली गेली, ती उलगडली, वाचली, पुन्हा गुंडाळली, सेवकाला परत दिली आणि खाली बसला. आजही सिनगॉगमध्ये शनिवारी तोराची, म्हणजे नियमशास्त्राची गुंडाळी पेटीतून काढतात, वाचतात आणि गुंडाळून परत ठेवतात.

आणखी एक बारकावा. बारा वर्षं रक्तस्रावाने पीडलेली बाई मागून येऊन येशूच्या वस्त्राच्या गोंड्याला शिवते (मत्तय ९:२०). आपण हे वाक्य शंभरदा ऐकलेलं असतं, पण गोंडा कसला, असं कुणी विचारत नाही. गणना १५:३८ मध्ये देवाने इस्राएल लोकांना वस्त्राच्या टोकांना गोंडे लावायला सांगितलं, देवाच्या आज्ञांची आठवण राहावी म्हणून. येशू ते लावत होता. धर्मनिष्ठ यहुदी पुरुष आजही लावतात.

सर्वांत मोठी आज्ञा कोणती असं विचारल्यावर तो म्हणाला, “हे इस्राएला, ऐक.” हे अनुवाद ६:४ आहे, यहुदी माणूस रोज सकाळ-संध्याकाळ म्हणतो तो ‘शमा’. आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा अनेकांना निव्वळ ख्रिस्ती वाटते, ती आहे लेवीय १९:१८. येशू ती आपल्या शास्त्रातून उद्धृत करत होता. ‘ख्रिस्ती’ हे नाव तर त्याच्यानंतर, अंत्युखिया शहरात, त्याच्या शिष्यांना पडलं.

मग ‘ख्रिस्त’ म्हणजे काय?

आडनाव नाही. हिब्रूत ‘माशीयाह’, ग्रीकमध्ये ‘ख्रिस्तोस’, मराठीत अभिषिक्त. राजाच्या मस्तकावर तेल ओतून त्याला नेमत, त्यावरून. येशू ख्रिस्त म्हणणं म्हणजे येशू हाच मशीहा आहे असं कबूल करणं. दोन्ही धर्मांमधला मुख्य मतभेद या एका शब्दातच आहे.

जुना करार आणि यहुद्यांचं शास्त्र एकच का?

बहुतांशी तेच ग्रंथ, पण मांडणी वेगळी. यहुदी आपल्या शास्त्राला तनाख म्हणतात: तोरा, नबीईम, केतुवीम, म्हणजे नियमशास्त्र, संदेष्टे आणि लेख. त्यांच्या मोजणीने २४ ग्रंथ. तेच आपण प्रॉटेस्टंट ३९ मोजतो, कारण शमुवेल, राजे, इतिहास यांचे दोन-दोन भाग, एज्रा आणि नहेम्या, आणि बारा लघुसंदेष्टे आपण वेगळे धरतो. कॅथलिकांच्या जुन्या करारात ४६ पुस्तकं आहेत. जास्तीची पुस्तकं मुख्यतः प्राचीन ग्रीक भाषांतराच्या परंपरेतून आली.

क्रमातला फरक मला संख्येपेक्षा महत्त्वाचा वाटतो. तनाख सहसा इतिहासाच्या ग्रंथाने संपतो: पारसाचा राजा कोरेश बंदिवासातल्या लोकांना सांगतो, जा, यरुशलेमेला परत जा. आपला जुना करार मलाखीने संपतो: मी एलीया संदेष्ट्याला तुमच्याकडे पाठवीन. पान उलटलं की मत्तय सुरू. म्हणजे एकाच ग्रंथसंग्रहाचा शेवट एकीकडे घरी परतण्यात होतो, दुसरीकडे येणाऱ्याची वाट पाहण्यात.

‘जुना’ या शब्दाबद्दल: यहुदी माणसापुढे तो जपून वापरावा. त्याच्यासाठी ते शास्त्र जुनंही नाही आणि कशाची प्रस्तावनाही नाही. दुसऱ्या शतकात मार्किओनने हा भाग टाकूनच द्यावा अशी शिकवण दिली, तेव्हा रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं. आपल्या पूर्वजांनी घेतलेल्या निर्णयांपैकी हा एक फार मोलाचा निर्णय होता असं मी मानतो.

प्रभूची प्रार्थना तरी पूर्ण ख्रिस्ती आहे ना?

सिनगॉगमध्ये म्हटली जाणारी ‘कद्दीश’ ऐका. येशूच्या बोलीशी नातं असलेल्या अरामी भाषेतली ही प्रार्थना सुरू होते: “यितगद्दल वेयितकद्दश शमे रब्बा”, त्याचं थोर नाव मोठं आणि पवित्र मानलं जावो. पुढची विनवणी: तो आपलं राज्य स्थापो. आता आपली प्रार्थना म्हणा: तुझे नाव पवित्र मानले जावो, तुझे राज्य येवो. कद्दीशचा आजचा पाठ येशूच्या काळानंतर पक्का झाला, त्यामुळे एकाने दुसऱ्याकडून उचललं असं म्हणता येत नाही. दोन्ही प्रार्थना एकाच अंगणात वाढल्या. यहुदी मुलगा वडील गेल्यावर हीच कद्दीश म्हणतो, आणि तिच्यात मरणाचा उल्लेखसुद्धा नाही.

वधस्तंभावरचे शब्दही असेच. “मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो” हे ३१व्या स्तोत्रातलं वचन. यहुदी घरांत झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत हे वचन म्हणतात. लूकच्या मते येशूच्या तोंडचे अखेरचे शब्द हेच होते.

प्रभुभोजन म्हणजे वल्हांडणाचं जेवणच का?

मत्तय, मार्क आणि लूक यांच्या मते येशूचं शेवटचं भोजन वल्हांडणाचं होतं. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र वधस्तंभ वल्हांडणाच्या तयारीच्या दिवशी येतो, म्हणजे भोजन आदल्या रात्री. अभ्यासकांचा यावर वाद अजून मिटलेला नाही. पण प्रसंग वल्हांडणाच्या दिवसांतला, मिसरच्या गुलामीतून सुटल्याच्या आठवणीने भारलेला, यात शंका नाही. भोजनानंतर स्तोत्र गाऊन ते जैतुनाच्या डोंगराकडे निघाले. ही स्तोत्रं ११३ ते ११८ यांतली असावीत असं परंपरा मानते. सणाला यहुदी आजही तीच गातात.

काही मंडळ्यांत पवित्र आठवड्यात ‘सेदर’, म्हणजे यहुद्यांचं वल्हांडणाच्या रात्रीचं विधीचं जेवण, साजरा करायची हौस असते. हेतू चांगला असतो, पण मला ते पटत नाही. आज ज्याला सेदर म्हणतात त्याची रचना यरुशलेमेचं मंदिर पडल्यानंतर, रब्बींच्या म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या काळात आकाराला आली. ती त्यांच्या घरची गोष्ट आहे. आपण तिच्यात आपले अर्थ कोंबण्यापेक्षा कुणा यहुदी कुटुंबाने बोलावलं तर पाहुणा म्हणून जावं आणि ऐकावं.

त्यांच्या या सणाचा विधी असलेली हग्गादा १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठीत छापली गेली. तिच्यातल्या चित्रात लुगडी नेसलेल्या बाया बेखमीर भाकरी करताना दिसतात. निर्गमाची कथा आपल्याच भाषेत, आपल्याच वेषातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे, हे फार थोड्या मराठी ख्रिस्ती लोकांना ठाऊक असतं.

शब्बाथ शनिवारी, मग आपण रविवारी का?

पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशी झालं म्हणून. सुरुवातीच्या यहुदी शिष्यांनी शनिवार सोडला नव्हता, रविवार त्याच्या जोडीला आला. ३२१ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवार सुट्टीचा ठरवला. आमच्याकडे जुनी माणसं रविवारच्या शाळेला अजून शब्बाथशाळा म्हणतात: शब्द शनिवारचा, शाळा रविवारची. कोकणातल्या बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुद्यांची, ओळखच शनिवारवरून होती. तेलाच्या घाण्याचा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून ‘शनिवार तेली’.

परूशी खरंच ढोंगी होते का?

परूशी हा येशूच्या काळचा एक यहुदी पंथ, सदूकी हा दुसरा. आपल्या प्रवचनांत ‘परूशी’ ही शिवी झाली आहे, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. मत्तय २३ मध्ये येशू परूश्यांवर कडक बोलतो, हे खरं. पण ते घरातलं भांडण आहे. ज्याच्याशी आपलं बरंच जुळतं, त्याच्याशीच माणूस एवढ्या तळमळीने भांडतो. मेलेल्यांचं पुनरुत्थान होईल असं परूशी मानत, सदूकी मानत नसत. या बाबतीत येशू परूश्यांच्या बाजूचा. हेरोद तुला मारायला टपला आहे, इथून निघून जा, असं येशूला सांगायला आले ते परूशीच (लूक १३:३१). महासभेत प्रेषितांची बाजू घेऊन बोलला तो गमलियेल परूशी. आणि पौल अखेरपर्यंत म्हणतो, मी परूशी आहे.

येशूच्या थोडा आधी हिल्लेल नावाचा मोठा गुरू होऊन गेला. तालमूदात, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या संग्रहात, कथा आहे की एक परका माणूस त्याला म्हणाला, मी एका पायावर उभा आहे तेवढ्यात सगळी तोरा शिकव. हिल्लेल म्हणाला, तुला जे नकोसं वाटतं ते दुसऱ्याशी करू नकोस. बाकी सारं त्यावरचं भाष्य आहे, जा आणि शिक. डोंगरावरचं प्रवचन वाचताना ही कथा शेजारी ठेवून पाहा.

आजचा यहुदी धर्म याच परूशी परंपरेतून, रब्बींच्या हातून पुढे आला. त्यामुळे ‘परूशी म्हणजे ढोंगी’ असं आपण म्हणतो तेव्हा आज जिवंत असलेल्या माणसांच्या आजोबा-पणजोबांना नावं ठेवत असतो.

यहुद्यांनी येशूला मारलं, असं लहानपणापासून ऐकलंय. खरं काय?

वधस्तंभ ही रोमी शिक्षा. हुकूम रोमी सुभेदार पंतय पिलाताचा, खिळे ठोकले रोमी शिपायांनी. डोक्यावरचा लेख होता ‘यहुद्यांचा राजा’, म्हणजे रोमच्या नजरेत गुन्हा राजद्रोहाचा. मंदिराच्या प्रमुख याजकांच्या एका गटाचा यात हात होता असं शुभवर्तमानं सांगतात. पण तेव्हा बहुसंख्य यहुदी यरुशलेमेबाहेर, कित्येक तर रोम आणि अलेक्झांड्रियासारख्या दूरच्या शहरांत राहत. त्यांनी येशूचं नावही ऐकलं नव्हतं. वधस्तंभाखाली रडणाऱ्या बायका यहुदी, देह मागून नेणारा अरिमथाईकर योसेफ यहुदी.

या एका आरोपापायी शतकानुशतकं माणसं मारली गेली. ज्या मंडळीत हे वाक्य अजून शिकवलं जातं, तिथे उभं राहून ते दुरुस्त करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन धर्म वेगळे कधी झाले?

एखादी तारीख नाही. सुमारे ४९ च्या सुमारास यरुशलेमेतल्या सभेत (प्रे. कृत्ये १५) ठरलं की परराष्ट्रीयांना ख्रिस्तावर विश्वास ठेवायला सुंता करून यहुदी व्हावं लागणार नाही. मंडळीत परराष्ट्रीय वाढत गेले. ७० मध्ये रोमी सेनापती तीतसाच्या सैन्याने मंदिर जाळलं. मग दोघांनाही एकाच प्रश्नाला उत्तर द्यावं लागलं: मंदिराशिवाय देवाची उपासना कशी करायची? यावने गावी योहानान बेन झक्काय या रब्बीने आणि सोबत्यांनी अभ्यास, प्रार्थना आणि आज्ञापालन यांवर धर्म पुन्हा उभा केला. ख्रिस्ती लोकांनी ख्रिस्तालाच मंदिर आणि बलिदान मानलं. पुढे १३२ ते १३५ मध्ये रोमविरुद्धच्या बार कोखबाच्या बंडात त्यालाच मशीहा मानणारे यहुदी होते. येशूला मशीहा मानणारे त्यात कसे सामील होणार? ३२५ मध्ये निकियाच्या परिषदेने ईस्टरची तारीख यहुदी पंचांगापासून तोडली.

तरीही साधी माणसं वेगळी झाली नव्हती. ३८६-८७ मध्ये अंत्युखियात योहान ख्रिसोस्तोम चिडून प्रवचनं देत होता: तुम्ही सणाला सिनगॉगमध्ये का जाता? प्रवचनातली भाषा विखारी आहे, वाचवत नाही. पण त्यातून एवढं कळतं की येशूनंतर साडेतीनशे वर्षांनीही ख्रिस्ती शेजारी यहुद्यांच्या सणाला आनंदाने जात होते. अंतर वरून लादावं लागलं.

पुढे ख्रिस्ती लोक यहुद्यांशी कसे वागले?

वाईट. १०९६ मध्ये पहिल्या क्रुसेडला निघालेल्या जमावांनी ऱ्हाइन नदीकाठच्या वर्म्स आणि माइन्झमध्ये यहुद्यांच्या कत्तली केल्या. १२१५ च्या लॅटरन परिषदेने त्यांना वेगळा पेहराव सक्तीचा केला. इंग्लंडने १२९० मध्ये हाकललं, स्पेनने १४९२ मध्ये. मार्टिन ल्यूथरने १५४३ मध्ये त्यांच्याविरुद्ध इतकं भयानक लिहिलं की नाझींना ते उपयोगी पडलं. प्रॉटेस्टंट म्हणून हे मला लपवता येत नाही.

आणि हे आपल्या दारापर्यंत आलं. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. आईवडील स्पेनमधून हाकललेले आणि पोर्तुगालात सक्तीने ख्रिस्ती केलेले यहुदी. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होतं. इथल्या औषधी वनस्पतींवर त्याने लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. आंबा, नारळ, हिंग, सगळं त्यात आहे. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं. १५६८ मध्ये ओर्ता वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याबद्दल जिवंत जाळलं. १५८० मध्ये ओर्ताची हाडं कबरीतून उकरून जाळली. आज पणजीत त्याच्या नावाची बाग आहे. पुढच्या वेळी तिथल्या बाकावर बसाल तेव्हा ही बहीण आठवा.

१९६५ मध्ये असं काय बदललं?

झूल इसाक हे फ्रेंच यहुदी इतिहासकार. त्यांची पत्नी आणि मुलगी नाझींच्या हाती गेली. त्यांनी उरलेलं आयुष्य एका प्रश्नाला दिलं: ख्रिस्ती शिकवणुकीतला तिरस्कार येतो कुठून? जून १९६० मध्ये ते पोप तेविसावे जॉन यांना भेटले. या पोपनी आदल्या वर्षीच उत्तम शुक्रवारच्या प्रार्थनेतून यहुद्यांबद्दलचं अपमानास्पद विशेषण काढून टाकलं होतं. २८ ऑक्टोबर १९६५ ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ हा जाहीरनामा २२२१ विरुद्ध ८८ मतांनी संमत केला. येशूच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. १३ एप्रिल १९८६ ला पोप दुसरे जॉन पॉल रोमच्या सिनगॉगमध्ये गेले आणि यहुद्यांना थोरले भाऊ म्हणाले. यहुदी बाजूनेही हात पुढे आला: २००० मध्ये अनेक रब्बी आणि विद्वानांनी ‘दाब्रू एमेत’ हे निवेदन काढलं, आणि २०१५ मध्ये काही ऑर्थोडॉक्स रब्बींनी ख्रिस्ती धर्माकडे मोकळ्या मनाने पाहणारं निवेदन केलं.

यहुदी येशूला काय मानतात?

मशीहा नाही, देवाचा अवतार तर नाहीच. त्यांच्या दृष्टीने मशीहा आला की युद्धं थांबतील, इस्राएल एकत्र येईल, जगात न्याय येईल. हे झालेलं दिसत नाही. हा हट्ट नव्हे, शास्त्राच्या वाचनावर उभं असलेलं मत आहे. बऱ्याच यहुदी अभ्यासकांना येशू गालीलचा एक थोर यहुदी गुरू वाटतो.

मग त्यांना ख्रिस्ती करायचा प्रयत्न करावा का?

माझ्यापुरतं उत्तर नाही असं आहे. पौलाने रोमकरांस पत्राच्या ११ व्या अध्यायात जैतुनाच्या झाडाचा दाखला दिला. परराष्ट्रीय म्हणजे रानटी फांदी, कलम करून मूळ झाडाला लावलेली. फांदीने मुळापुढे मिरवू नये. तू मुळाला धरत नाहीस, मूळ तुला धरतं. आंब्याचं कलम पाहिलेल्या कोकणी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आपल्या इतिहासातही एक गोष्ट आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले, स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये. विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं. मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुलं शिकली, काहीजण तिथे शिक्षकही झाले. मिशनऱ्यांची आशा होती की ही मंडळी ख्रिस्ताकडे येतील. फारच थोडे आले. पण मराठीतून शास्त्र वाचून आणि हिब्रू शिकून ते आपल्याच धर्मात अधिक पक्के झाले. मला यात मिशनचा पराभव दिसत नाही. दिलेली सर्वांत चांगली वस्तू ती होती.

सिनगॉग बघायला जाता येतं का?

आधी विचारून जावं. सुरक्षेमुळे ओळखपत्र मागतात. पुरुषांनी डोकं झाकावं, शनिवारी फोटो काढू नयेत. मुंबईत सर्वांत जुनं शार हारहमीम, १७९६ चं, मशीद बंदरजवळ. बेने इस्राएल आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत, आणि स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात.

दोघंही मशीहाची वाट पाहतात. तो एकच असेल का?

ख्रिस्ती तो पुन्हा येईल म्हणतात, यहुदी तो येईल म्हणतात. वाद त्या दिवशी मिटेल, त्याआधी नाही. पण त्याच्या आधी एलीया येणार, हे मलाखीचं वचन दोघांच्याही शास्त्रात आहे. आपण त्याची पूर्तता बाप्तिस्मा करणाऱ्या योहानात पाहतो. यहुदी वल्हांडणाच्या रात्री एलीयासाठी द्राक्षारसाचा पेला भरून ठेवतात. आणि बेने इस्राएल मानतात की तो अलिबागजवळच्या खंडाळ्यात येऊन गेला. खडकावर त्याच्या रथाची खूण दाखवतात. लग्न ठरलं, नवस फिटला की घरात मलिदा होतो. ताटात भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं. सगळे मिळून ‘एलियाहू हन्नाबी’ गातात, आशीर्वाद म्हणतात, आणि मग ताट फिरतं. पाहुणा ख्रिस्ती असला तरी त्याच्या हातावरही मूठभर पोहे पडतात.